कोंडणं : अकरा पानं

पुस्तकाची दुसरी आवृत्ती वेळेत निघाली तर ताईला चार गोष्टी मिळणार होत्या, आणि चारही तिने मनातल्या मनात केव्हाच मांडून ठेवल्या होत्या. पहिली, शिक्षकांच्या प्रशिक्षण संस्थेच्या वाचनयादीत जागा. म्हणजे दरवर्षी नवे चारशे शिक्षक ते पुस्तक वाचणार, आवडो न आवडो. दुसरी, त्याच संस्थेच्या सल्लागार मंडळावर खुर्ची. तिसरी, व्याख्यानांची बोलावणी. मुख्याध्यापिका निवृत्त झाली की तिला सगळ्यात जास्त आठवण येते ती आपण बोलायला उभं राहिल्यावर गप्प होणाऱ्या सभागृहाची. चौथी गोष्ट ती कोणाला सांगत नसे, पण तिच्या लेखी सगळ्यात मोठी तीच होती. कधीतरी, चारचौघांत, धाकट्या बहिणीने उठून म्हणावं, ताई, तू होतीस म्हणून मी उभी आहे.

धाकटीला या सगळ्यातून काही मिळणार नव्हतं. पुस्तक तिच्यावर होतं, एवढाच तिचा संबंध.

पुस्तकात तिचं नाव छकुली. हे नाव तिला सातव्या वर्षी आवडत नव्हतं आणि एक्कावन्नाव्या वर्षीही आवडत नव्हतं, पण ताईने ते छापलं, कारण वाचणाऱ्याला ऐकताच माया वाटेल असं नाव होतं ते. छकुली बोलत नसे, मग एकदम फार बोलत असे. छकुली बाटल्यांची बुचं जमवायची, रंगाप्रमाणे लावायची. छकुलीला पाहुणे सोसत नसत. आईबाबा दोघं कामावर जायचे आणि घर आठ वर्षांनी मोठ्या ताईवर टाकायचे. ताईने छकुलीला कसं सांभाळलं, कसं वळण लावलं, किती रडली, हे सगळं दोनशे बारा पानांत होतं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की छकुली आज तिच्या छोट्याशा जगात सुखी आहे आणि आकड्यांची तिची ओढ अजून टिकून आहे.

छोटंसं जग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे बसून धाकटी पुस्तकांच्या सूची करायची. पुस्तकाच्या अगदी शेवटी, सहसा कोणी उघडत नाही तिथे, कुठला विषय कुठल्या पानावर हे सांगणारी यादी असते, ती. अख्खं पुस्तक वाचायचं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीला एक शब्द द्यायचा, शब्दापुढे पानांचे आकडे लिहायचे आणि सगळं अकारविल्हे लावायचं. धाकटीच्या सूचीत वीस वर्षांत एक आकडा चुकला होता, आणि तो कुठला हे तिला पाठ होतं. पण ताईला विचारलंत तर, "कुठल्याशा छापखान्याचे आकडे टाइप करते बाई. तिला जमतं तेवढं." कुठला छापखाना, कसले आकडे, हे ताईने कधी विचारलं नाही. वर्षातून एकदा वाढदिवसाचं कार्ड पाठवलं की बहिणीची चौकशी झाली, असा तिचा हिशेब होता.

आता दीड वर्ष मागे जाऊ, कारण धाकटीच्या हातात हत्यार कुठून आलं हे आधी कळायला हवं.

तिच्याकडे एक आत्मकथन आलं होतं, सूचीसाठीच. लिहिणारी बाई वजनमापं खात्यात तीस वर्षं नोकरी केलेली, दुकानादुकानांतून फिरून तराजू आणि काटे तपासणारी. आपण तिला काटेवाली म्हणू, तिचे सहकारीही म्हणायचे. काटेवाली ऑटिस्टिक होती आणि ते तिला चौपन्नाव्या वर्षी कळलं होतं. ते कळण्याआधीचं आणि कळल्यानंतरचं तिने एकाच सपाट आवाजात लिहिलं होतं, काट्याची नोंद करावी तसं.

धाकटी एका पानाला चार ते पाच नोंदी करायची. या पुस्तकाच्या पहिल्या वीस पानांत तिच्या दोनशे नऊ झाल्या. ती थांबली. आपण पुस्तकाची सूची करतो आहोत की आणखी कशाची, हे तिला कळेना. ट्यूबलाइटचा आवाज. कॉलरच्या आत शिवलेलं लेबल. प्रश्न कळायच्या आत दुसऱ्या कोणीतरी दिलेलं उत्तर. त्रेसष्टाव्या पानावर तर तिने पेन्सिल खाली ठेवली. लहानपणी शेजाऱ्यांकडे राहिलेली काटेवाली लिहीत होती: ‘मी गप्प झाले म्हणून त्यांनी दार उघडलं. दार उघडायला काय द्यावं लागतं ते मला त्या दिवशी कळलं. पुढे चाळीस वर्षं मी ते देत राहिले.’

तिथे धाकटीने एक शब्द लिहिला, कोंडणं, आणि पुढे त्रेसष्ट. घरात या गोष्टीला ‘तिचा कोपरा’ म्हणत. जिन्याखाली सामानाची खोली होती, बाहेरून कडी. जा बरं तुझ्या कोपऱ्यात, असं ताई म्हणायची, गोड आवाजात. बेचाळीस वर्षं त्या गोष्टीला धाकटीकडे शब्द नव्हता. आता शब्द होता आणि पान क्रमांकही होता.

मग तिने आयुष्यात पहिल्यांदा एका लेखिकेला पत्र लिहिलं. कौतुक वगैरे काही नाही. ‘पान ११८ वर तुमच्या शाळेच्या पायऱ्या एकोणीस आहेत आणि पान २०३ वर एकवीस. कुठलं बरोबर?’

आठवड्यात उत्तर आलं. ‘दोन्ही बरोबर. दोन पायऱ्या नंतर बांधल्या. पण ते लिहायला हवं होतं. इतक्या वर्षांत माझं वजन कोणी पुन्हा तपासलं नव्हतं. तुम्ही पण का?’

‘हो,’ धाकटीने लिहिलं. ‘मी पण.’

तेव्हापासून दर सोमवारी एक पत्र जायचं आणि एक यायचं. फोन नाही, भेट नाही. दोघींनाही ते मानवलं.

अशी आणखी पुस्तकं असणार म्हणून धाकटी ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल जुना माणूस, सगळं पुस्तकाच्या कव्हरवरून ओळखणारा.

"ऑटिझम? आजारांच्या कपाटात बघा."

"तिथे डॉक्टरांची आहेत. मला स्वतःबद्दल लिहिलेली हवीत."

"म्हणजे पेशंटची."

"लेखकांची."

"मग लेखकांत बघा ना, बाई."

"बघितलं. नाहीत."

"मग नसतील."

काटेवालीचं पुस्तक तिला आहार आणि वजन या कप्प्यात मिळालं, कारण कव्हरवर तराजू होता. एवढ्यावरून तिने ओळखलं की बाकीचीही अशीच भलत्या घरी दिलेली असणार. मग ती रोज दोन तास, कपाटामागून कपाट, अख्खं ग्रंथालय फिरली. घोड्यांची निगा राखणाऱ्या एकाचं आत्मकथन जनावरांच्या औषधांत होतं. एकीचं पालकत्वात, पुस्तक आईला उद्देशून होतं आणि त्यात आईला शिव्या होत्या, पण कव्हरवर आईचा फोटो होता. एक चक्क विनोदी साहित्यात. वर्षभरात सात झाली.

"सगळी एकत्र ठेवा," ती ग्रंथपालाला म्हणाली.

"कुठल्या नावाखाली ठेवू?"

"आत्मकथनं."

"तिथे मोठ्या लोकांची असतात हो." तो हे दुष्टपणे म्हणाला नाही, त्याला खरंच तसं वाटत होतं. तिने त्याच्यासमोर सात पुस्तकं टेबलावर ठेवली आणि तो नवा कप्पा रिकामा करून देईपर्यंत जागची हलली नाही. त्याला सव्वातीन तास लागले.

घरी तिने सातही पुस्तकांची मिळून एक सूची केली, फक्त स्वतःसाठी, चिठ्ठ्यांच्या खोक्यात. एकमेकांना कधी न भेटलेली सात माणसं एकाच शब्दाखाली येऊन बसत होती. ‘नाटक करते असं म्हणणारे’ या शब्दाखाली सहा जण. ‘कोंडणं’ या शब्दाखाली पाच. चिठ्ठी वाचताना तिला गर्दीचा त्रास होत नसे. गर्दीत बसून त्रास न होण्याची तिची ती पहिलीच वेळ.

आणि अशात प्रकाशकाचा निरोप आला.

‘सूचीबाई, काम घाईचं आहे. पानं दोनशे बारा. प्रशिक्षण संस्थेचा नियम आहे, सूची नसलेलं पुस्तक यादीत घेत नाहीत. मोठ्या बहिणीने लिहिलेलं फार गोड पुस्तक आहे, तुमचेही डोळे भरून येतील.’

प्रकाशक सात वर्षं धाकटीकडून काम घेत होता, पण त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. छकुली म्हणजे कुठल्यातरी खिडकीशी बसून बुचं मोजणारी प्रौढ बाई, असं त्याच्या डोक्यात होतं. सूचीबाई म्हणजे टपालाने येणारा अचूकपणा. दोघी एकच असतील हे त्याच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

धाकटीने उत्तर लिहिलं. ‘या पुस्तकातली छकुली मी आहे, तेव्हा हे काम मला देणं योग्य नाही.’ ते तिने दोनदा वाचलं. मग पुस्तक उघडलं, सहा वर्षांनी पुन्हा. सत्तेचाळिसाव्या पानावर ताईने शिक्षकांसाठी खास लिहिलेला परिच्छेद होता: ‘पंधरा मिनिटं अंधारात एकटं बसवलं की छकुली शांत व्हायची. अशा मुलांना खरं तर शांतताच हवी असते. प्रत्येक शाळेत असा एखादा कोपरा असावा.’

दरवर्षी चारशे शिक्षक. प्रत्येकाच्या शाळेत जिन्याखाली काहीतरी असतंच.

तिने लिहिलेलं उत्तर पाठवलं नाही. नवं लिहिलं: ‘काम घेते. दहा दिवस.’

आता सूड कसा उगवावा यावर लोक नाना तऱ्हा करतात. कोणी आरडाओरडा करतं, कोणी कोर्टात जातं, कोणी जेवणाच्या टेबलावर वीस वर्षं टोमणे मारतं. धाकटीने काम चोख केलं. पदरचं एक वाक्य घातलं नाही, एक आकडा खोटा लिहिला नाही. ताईने जे जे केलं होतं ते ताईनेच पुस्तकभर पसरून लिहिलं होतं. एका पानावर एक कडी, मग तीस पानं माया, मग दुसरी कडी. वाचणाऱ्याला कड्या दिसत नसत, माया दिसायची. धाकटीने सगळ्या कड्या उचलून एका ओळीत ठेवल्या. सूची यासाठीच असते.

‘कोंडणं (लेखिकेच्या शब्दांत “तिचा कोपरा”): ३१, ४७, ५२, ५३, ६८, ८४, ९०, १०९, १३३, १५०, १७७.’

‘छकुली: उत्तर देण्याआधी लेखिकेने उत्तर देणं, १९, २२, ४०, ४१, ७५, ११६, गप्प झाल्यावर दार उघडलं जाणं, ४७, ५३, ९०, १३३.’

‘लेखिका: कडी लावते, पाहा कोंडणं, छकुलीची वही चोरून वाचते, ६१, ६२, छकुलीची बुचं फेकून देते, ७०, बुचं हरवली असं छकुलीला सांगते, ७१, पाहुण्यांना छकुली आजारी आहे असं सांगते, ३१, ६८, १०९, स्वतःच्या त्यागाने रडते, ९, २४, ३८, ५५, ७१, ८८…’ ही शेवटची नोंद तीन ओळी चालली होती.

अशी सहा पानं.

प्रकाशकाने दोन गोष्टी तपासल्या. अक्षरं क्रमाने आहेत ना, आणि कुठला आकडा दोनशे बाराच्या पुढे जात नाही ना. सूचीत मजकूरही असतो हे त्याला सात वर्षांत सुचलेलं नव्हतं. मग रीतीप्रमाणे लेखिकेची मंजुरी म्हणून त्याने ताईला फोन केला.

"पाठवलेली पानं बघितलीत का, मॅडम?"

"समोरच आहेत. चष्मा आत राहिलाय. किती मोठी झाली सूची?"

"सहा पानं."

"आणि त्यात माझी नोंद?"

"सव्वा पान. पुस्तकात एवढी कोणाचीच नाही."

"छकुलीची?"

"पाऊण."

ताईने थोडा विचार केला. "बरोबर आहे. तिचं असून असून किती असणार. छापा तुम्ही. ते आकडे कोण बघत बसतंय."

शिक्षक बघतात. हे माजी मुख्याध्यापिकेला ठाऊक असायला हवं होतं, पण मुख्याध्यापक झाल्यावर माणूस शिक्षक कसा वाचतो हे विसरतो. संस्थेने यादी पक्की करण्याआधी तीस शिक्षकांना पुस्तक वाटलं आणि ताईला त्यांच्याशी बोलायला बोलावलं. शिक्षकांना वाचायला पाच दिवस मिळाले होते आणि त्याच पाच दिवसांत पेपर तपासायचे होते. तेव्हा तिसातल्या पंचवीस जणांनी तेच केलं जे कुठलाही थकलेला माणूस करतो. पुस्तक मागून उघडलं.

ताई चाळीस मिनिटं छान बोलली. आवाज कुठे दाटवायचा हे तिला माहीत होतं. संस्थेचा संचालक शेजारी बसून मान हलवत होता. मग त्याने प्रश्न विचारायला सांगितलं, आणि तिसऱ्या रांगेतली एक चष्मेवाली शिक्षिका उठली. हातात पुस्तक, त्यात कागदाचे तुकडे खोचलेले.

"मॅडम, सूचीत कोंडणं या शब्दाखाली अकरा पानं आहेत. मी अकराही वाचली."

"कुठला शब्द?"

"कोंडणं."

ताई हसली. "असा शब्द माझ्या पुस्तकात नाही, हो."

"शब्द नाही. पानं आहेत."

सभागृहात तीस पुस्तकं मागून उघडल्याचा आवाज आला. ताईने संचालकाची प्रत ओढून घेतली. या वेळी चष्मा होता.

"हे कोणीतरी चुकीचं केलंय," ती म्हणाली. "तो तिचा कोपरा होता. तिला आवडायचा."

"आवडायचा तर कडी बाहेरून का होती?" मागून कोणीतरी विचारलं.

"तुम्ही संदर्भ बघा ना. मायेने केलेलं आहे ते."

"संदर्भ बघितला," चष्मेवाली म्हणाली. "पान एकतीस. पाहुणे यायचे होते. पान अडुसष्ट. पाहुणे यायचे होते. पान एकशे नऊ. तुमची मैत्रीण यायची होती." ती आवाज चढवत नव्हती, हजेरी घेतल्यासारखं वाचत होती. "माझ्या वर्गात एक मुलगी आहे, सात वर्षांची. माझ्याआधी ज्या बाई होत्या त्या तिला खेळाच्या साहित्याच्या खोलीत ठेवायच्या. पंधरा मिनिटं, दिवा बंद करून. मला कळेना हे त्यांनी कुठून काढलं. मग पान सत्तेचाळीस वाचलं. त्यांच्या टेबलाच्या खणात तुमची पहिली आवृत्ती मिळाली मला. तेवढ्याच ओळींखाली रेघ आहे."

ताई बोलायला लागली, आणि इथेच तिचं नशीब फिरलं, कारण ती गप्प बसली असती तर निभावलं असतं. तिने एकेका पानाचा खुलासा करायला घेतला. वही वाचली कारण काळजी वाटत होती. बुचं फेकली कारण घाण होती. हरवली असं सांगितलं कारण खरं सांगितलं असतं तर तिने दंगा केला असता. प्रत्येक खुलासा ऐकताना समोरची एकेक मान खाली जात होती आणि एकेक पेन चालू होत होतं. शिक्षकांना खुलासे ऐकायची सवय असते. रोज तीस मुलांचे ऐकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई प्रकाशकाच्या कार्यालयात होती.

"कोण ही सूचीबाई? मला पत्ता हवाय."

प्रकाशकाने पाकीट काढून पत्ता वाचून दाखवला. ताईने तो एकदा ऐकला. पुन्हा वाचायला सांगितला. या पत्त्यावर तिने वीस वाढदिवसांची कार्डं पाठवली होती.

तासाभरात ती तिसऱ्या मजल्यावर होती, दम लागलेली. धाकटीकडे खुर्ची एकच होती आणि तीवर धाकटी बसली होती. ती उठली नाही. ताई उभी राहिली.

"हे तू केलंस?"

"हो."

"माझ्याशी बोलायचं होतंस. एक फोन करायचा होतास."

"मला फोनवर बोलता येत नाही. पान एकशे सव्वीस."

"अगं, पुरे कर ती पानं. सूड उगवलास माझ्यावर, सरळ सांग ना."

"उगवला," धाकटी म्हणाली. "सरळच सांगते. पण आकडे बरोबर आहेत. तू तपास."

ताईला हे अपेक्षित नव्हतं. माणूस सहसा नाही म्हणतो, मग आपण हो म्हणून भांडतो, असं तिचं साठ वर्षांचं गणित होतं. ती इकडेतिकडे बघायला लागली. कपाटात एका रांगेत सात पुस्तकं होती, प्रत्येकात कागदाच्या पट्ट्या.

"हे काय आहे?"

"माझ्यासारख्यांनी लिहिलेली आहेत. स्वतः."

"म्हणजे यांनी तुझे कान भरले."

"यांच्यामुळे मला शब्द मिळाला. पान माझ्याकडे तुझंच होतं."

ताई भिंतीला टेकली. बोलली तेव्हा तो व्याख्यानाचा आवाज नव्हता. "मी पंधरा वर्षांची होते गं. आईबाबा सात वाजता जायचे ते रात्रीच यायचे. तू ओरडायला लागलीस की शेजारी दार वाजवायचे. मला कोणी शिकवलं होतं? मलाच भीती वाटायची. कडी लावून मी बाहेर बसून राहायचे, तू आत मरशील म्हणून."

धाकटीने वहीतून मान वर केली. "हे पुस्तकात नाही."

"नाही लिहिलं."

"का?"

"लोकांना काय सांगू, की मला जमलं नाही?"

"लिहिलं असतंस तर मी नोंद केली असती," धाकटी म्हणाली. "लेखिका, भीती. पान टाकलं असतं. मी काही गाळत नाही."

ताई जिना उतरून गेली. धाकटीने वहीत वेळ लिहिली, पण पुढे शब्द काय द्यावा हे तिला सुचलं नाही. ती जागा तिने मोकळी सोडली. ताईकडून माफी आली का, असं विचाराल तर नाही आली, आणि धाकटीनेही मागितली नाही. तिला जे हवं होतं ते ती घेऊन बसली होती. सत्तेचाळिसावं पान चारशे शिक्षकांच्या टेबलावर जाणार नव्हतं.

तीन आठवड्यांनी सोमवारी काटेवालीचं पत्र आलं, नेहमीपेक्षा छोटं.

‘संस्थेची वाचनयादी लागली. त्यात माझं पुस्तक येणार होतं. मला दोन महिन्यांपूर्वी कळवलं होतं, पण यादी लागल्यावर तुम्हाला सांगावं असं ठरवलं होतं, कारण पक्कं नसलेलं मी सांगत नाही. आता ते यादीत नाही. कोणा मोठ्या बहिणीच्या पुस्तकावरून काही वाद झाला म्हणे. तुम्हाला काही माहीत आहे का? तुम्ही त्याच प्रकाशकाचं काम करता.’

संचालक सावध माणूस होता. ताईचं पुस्तक काढणं त्याला पुरेसं वाटलं नाही. पुन्हा कोणी उठून काही वाचून दाखवायला नको, म्हणून त्याने आत्मकथनांचा अख्खा विभागच काढून टाकला. विभागात पाच पुस्तकं होती. एक ताईचं, चार ऑटिस्टिक माणसांनी स्वतः लिहिलेली. पाचांच्या जागी त्याने एका डॉक्टरांचं जाडजूड पुस्तक घातलं, आकृत्यांसह. त्यातली माणसं काही बोलत नव्हती, त्यामुळे वादाचा प्रश्न नव्हता.

धाकटीने त्याच दिवशी सगळं लिहून पाठवलं. काही गाळलं नाही. न पाठवलेलं पहिलं उत्तरही जोडलं.

उत्तर आलं ते असं: ‘तुमच्या ताईचं पुस्तक चारशे जणांकडे गेलं नाही हे चांगलं झालं. माझं गेलं नाही हे वाईट झालं. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिते आहे. तुमची सूची मी मागवून वाचली. एकही नोंद हलकी नाही, एकही जड नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा कराल का, हे मला सांगू नका, मला माहीत आहे. मला राग आला आहे. पुढच्या सोमवारी मी पत्र लिहिणार नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी लिहीन.’

तेव्हा शेवटी कोणी किती किंमत भरली ते असं. ताईची यादी गेली, खुर्ची गेली, बोलावणी गेली, आणि धाकटीच्या तोंडून जे ऐकायचं होतं ते आता मागायची सोयही राहिली नाही. प्रकाशकाकडे दुसरी आवृत्ती गठ्ठ्यांनी पडून आहे, आणि आता तो प्रत्येक सूची नाकावर चष्मा लावून ओळ न् ओळ वाचतो, भाज्यांच्या पुस्तकाचीसुद्धा. चष्मेवाल्या शिक्षिकेला संस्थेने पुढच्या प्रशिक्षणाला बोलावलं नाही. तिच्या शाळेतल्या साहित्याच्या खोलीची कडी तिने स्वतः स्क्रू काढून घरी नेली, त्या मुलीला काहीच भरावं लागलं नाही. धाकटीने एक सोमवार गमावला. आणि काटेवालीने दरवर्षीचे चारशे वाचक गमावले. तिने कधी कोणाच्या दाराला बाहेरून कडी लावली नव्हती.